राजा कोणापुढे बळकट होता?

दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली की पहिल्या चकलीबरोबर पावसापाण्याच्या गोष्टी निघतात, दुसरीबरोबर महागाईच्या, आणि चिवड्याची बशी निम्मी होते न होते तोच कोणीतरी मांडी बदलून आपला ठरलेला सिद्धान्त पुढे करतो : "अहो, दहा तोंडे एका जागी बसवून कधी राज्य चालते का? त्याला एकच खमका हात लागतो!" सिद्धान्त मांडणारे गृहस्थ चार बुके अधिक शिकलेले असले, तर लागलीच युरोपचा दाखला देतात. युरोप यादवीने होरपळत होता. मग बळकट राजे आले. त्यांनी माजलेल्या उमरावांना वेसण घातली. आणि आजचा शिस्तीचा, संपन्न युरोप जन्माला आला. चौदाव्या लुईचे नाव निघते, व्हर्सायच्या राजवाड्यातले आरसे निघतात, आणि घरातली मुले करंजी हातात धरून ऐकत राहतात.

या गृहस्थांशी मला आज भांडायचे आहे. मात्र त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. हीच गोष्ट मी स्वतः वर्गात वीस वर्षे सांगत आलो.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. त्यापुढचे जे काही शिकलो ते गावच्या वाचनालयाच्या बाकावर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे राजेरजवाडे, तलवारी आणि झुंबरे यांची मला अंमळ ओढच आहे. व्हर्सायचे वर्णन करताना माझा आवाज चढत असे. गेल्या वर्षी असाच रंगात आलो असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. फ्रान्सचे उमराव आणि धर्मगुरू मुख्य कर भरत नसत, हे मी नुकतेच सांगून टाकले होते. ती म्हणाली, "गुरुजी, राजा जर सगळ्यांचा मालक होता, तर त्याने श्रीमंतांकडूनच कर का नाही घेतला?"

मी म्हणालो, "पुढच्या तासाला सांगतो." मास्तराला उत्तर येत नसले म्हणजे तो हेच म्हणतो.

त्या संध्याकाळपासून मी पुस्तके चाळू लागलो, आणि वीस वर्षे आपण काय शिकवत होतो याची मला लाज वाटू लागली.

आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडतो, म्हणजे कोणी पक्षपाताचा आळ घालू नये. फ्रान्समध्ये १५६२ पासून १५९८ पर्यंत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या नरड्याला लागले होते. १५७२ च्या ऑगस्टात पॅरिसच्या रस्त्यांवर कत्तल झाली. त्याच धुमश्चक्रीत, १५७६ साली, झाँ बोदँ याने आपला ग्रंथ लिहून सांगितले की राज्यात सार्वभौम सत्ता एकच असली पाहिजे. ज्या चौथ्या हेन्रीने शांतता आणली, तो १६१० साली भर रस्त्यात सुऱ्याने मारला गेला. पुढे १६४८ पासून १६५३ पर्यंत 'फ्रोंद' नावाचे बंड झाले, आणि १६४९ च्या जानेवारीत दहा वर्षांच्या लुई राजाला रातोरात पॅरिसमधून पळवून न्यावे लागले. असे दिवस पाहिलेल्या लोकांना कोणत्याही किमतीला शांतता हवी होती, यात नवल ते काय? त्यांना मी हसत नाही. मी विचारतो ते एवढेच : ती किंमत कोणी मोजली?

लुईने १६६१ साली कारभार स्वतःच्या हाती घेतला. "राज्य म्हणजे मीच," असे तो गरजला म्हणून सांगतात. सोळा वर्षांचा असताना पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेत, शिकारीच्या पोशाखात! मीही हे वाक्य फळ्यावर लिहीत असे. पण त्या दिवसाच्या दप्तरात ते वाक्य सापडत नाही. ती मागाहून जोडलेली कथा आहे. मरताना तर तो उलटेच बोलल्याची नोंद आहे : आपण जात आहोत, राज्य मागे राहील.

आता त्याच्या खजिन्याकडे पाहा. 'ताय' हा मुख्य कर कुळंब्याच्या माथी. मिठावरचा कर वेगळाच, आणि तोही प्रांतोप्रांती निराळा. उमराव आणि धर्मगुरू मात्र बहुतेक ठिकाणी 'ताय'मधून मोकळे. ही सूट काढून घेण्याची राजाची छाती नव्हती. देशाची सभा तर १६१४ नंतर बोलावलीच नव्हती. मग पैसा आणायचा कोठून? राजाने हुद्दे विकायला काढले. न्यायाधीशाची खुर्ची विकत, वसुली अधिकाऱ्याची विकत. १६०४ साली असा कायदा झाला की हुद्द्याच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला, की तो हुद्दा आपल्या वारसाला देता यावा. वतनदारी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको! पुढे पुढे तर बाजारात डुकरांच्या जिभा तपासून रोग पाहणाऱ्याचाही हुद्दा विकाऊ झाला. विकलेला हुद्दा परत घ्यायचा तर पैसे परत करायला हवेत, आणि ते तर लढाईत उडालेले! ज्या राजाला आपला न्यायाधीश बदलता येत नाही, त्याला आमचे गृहस्थ सर्वसत्ताधीश म्हणतात.

"पण मास्तर," गृहस्थ म्हणतील, "त्याने उमरावांना व्हर्सायला आणून हुजरे केले की नाही?" केले खरे. १६८२ पासून दरबार तेथेच होता, आणि निजण्याच्या वेळी राजाचा शमादान हाती धरायला मिळणे हा बहुमान समजला जाई. हा प्रसंग मी मोठ्या चवीने सांगत असे. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाई. शमादान धरणाऱ्या उमरावाला राजा तनखे देत होता, मानाच्या जागा देत होता, त्याची करमाफी जशीच्या तशी राखत होता. त्या तनख्याचा पैसा येत होता खेड्यातल्या धान्यातून. हा कसला वेसण घातलेला बैल? हा तर राजाच्या पंगतीला बसलेला भागीदार.

फ्रान्सचीच ही तऱ्हा होती असेही समजू नका. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक विल्यम याला खडी फौज हवी होती. १६५३ साली जमीनदारांनी त्याला सहा वर्षांत मिळून ५ लाख ३० हजार थेलर द्यायचे कबूल केले, आणि त्याच्या बदल्यात आपल्या कुळांवरचा जमीनदारी हक्क त्याच्याकडून पक्का करून घेतला. इलेक्टरला फौज मिळाली, जमीनदाराला माणसे मिळाली, आणि ज्यांचा सौदा झाला त्यांना कोणी विचारले नाही. रशियात १६४९ च्या कायद्याने पळालेल्या कुळाला कितीही वर्षांनी धरून परत आणण्याची मुभा मालकाला मिळाली. बळकट राजसत्तेचा पाया युरोपभर अशा सौद्यांवर घातला गेला.

याच्या शेजारी इंग्लंड ठेवून पाहा. तेथेही पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून ११ वर्षे पार्लमेंटवाचून राज्य करून पाहिले. १६४९ साली त्याचे डोके उडाले. १६८८ च्या क्रांतीनंतर राजाचे हात कायद्याने बांधले गेले. मग तो दुबळा झाला का? पार्लमेंटात बसलेल्या जमीनदारांनी लढाईसाठी स्वतःच्याच जमिनींवर पौंडाला चार शिलिंगांचा कर बसवून घेतला. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि सावकार निर्धास्तपणे कर्ज देऊ लागले. कारण परतफेडीची हमी एका माणसाच्या लहरीवर नव्हती. फ्रान्सची वस्ती दोन कोटींच्या घरात, इंग्लंडची जेमतेम पन्नास-पंचावन्न लाख. तरीही हात बांधलेला राजा मोकळ्या हाताच्या राजापुढे लढाईत टिकला. ते पार्लमेंट काही गोरगरिबांचे नव्हते. गरिबाला मत नव्हते, आणि आयर्लंडच्या रयतेला विचाराल तर ती वेगळीच कहाणी सांगेल. इंग्लंडची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. पण 'दहा तोंडांनी राज्य बुडते' या सिद्धान्ताचे तेथे काय झाले, एवढे गृहस्थांनी सांगावे.

आणि एकाच तोंडाने राज्य चालले म्हणजे काय होते, तेही ऐका. १६८५ साली लुईने नांतचे फर्मान रद्द केले. प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य गेले. नाही म्हणणारे कोणी उरलेच नव्हते. सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली. विणकर गेले, घड्याळजी गेले, सैनिक गेले. हॉलंड, इंग्लंड आणि ब्रांडेनबुर्ग यांनी त्यांना हसत घरात घेतले. व्होबाँ हा लुईचा किल्ले बांधणारा विख्यात इंजिनेर. त्याने १६८९ साली, या लोकांना परत बोलवा, असे लिहून कळवले. त्याचे कोणी ऐकले नाही.

१६९३-९४ साली पिके बुडाली. दहा लाखांहून अधिक माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. लढाई चालूच होती. फेनेलाँ या धर्मगुरूने राजाला उद्देशून निनावी पत्र लिहिले : ज्यांना लेकरांसारखे सांभाळायचे ती तुमची प्रजा उपाशी मरत आहे. ते राजाच्या हाती पडले की नाही, याचीही खात्री नाही. १७०७ साली म्हाताऱ्या व्होबाँने पुस्तक छापले : उमराव असो, धर्मगुरू असो, प्रत्येकाने उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा, दहाव्या भागाहून अधिक नको. माझ्या विद्यार्थिनीचाच प्रश्न! उभ्या आयुष्यात ज्याने राजासाठी किल्ले जिंकले, त्याच्या पुस्तकावर बंदी आली, आणि त्याच मार्च महिन्यात तो वारला.

पुढे शत्रू दाराशी आला तेव्हा, १७१० साली, राजाने सर्वांवर दहाव्या हिश्श्याचा कर बसवलाच. धर्मगुरूंनी ठोक रक्कम देऊन सुटका करून घेतली. बड्या लोकांनी घासाघीस करून आपला आकडा खाली आणला. कुळंब्याला घासाघीस करता आली नाही.

१ सप्टेंबर १७१५ रोजी लुई वारला. राजेपणाची ७२ वर्षे झाली होती, खजिन्यावर अब्जावधी लिव्रांचे कर्ज होते. पाच वर्षांच्या पणतूला जवळ बोलावून तो सांगून गेला की आपल्याला लढाईची हौस फार होती, तिचे अनुकरण करू नकोस. त्याची अंत्ययात्रा जाताना रस्त्याकडेच्या लोकांनी शिव्याशाप दिले. आणि १६१४ नंतर कुलूप घातलेली ती देशाची सभा १७८९ साली पुन्हा भरवावी लागली. कारण तेच जुने : खजिना रिकामा, आणि श्रीमंत कर द्यायला तयार नाहीत. पुढे त्या राजघराण्याचे काय झाले, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

म्हणून फराळाला बसलेल्या गृहस्थांना माझे सांगणे आहे : खमका हात हवा असे म्हणण्याआधी तो हात कोणाच्या मानेवर होता आणि कोणाच्या खांद्यावर, एवढे पाहून घ्या. युरोपच्या या राजांचा हात गरिबाच्या मानेवर होता. श्रीमंताच्या खांद्यावर तो मित्रासारखा पडलेला होता. याला बळ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. माझ्या वर्गात मी आता तसे म्हणणार नाही.

'पुढचा तास' व्हायला मला तीन आठवडे लागले. हे सारे मी त्या मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, तो त्यांना भीत होता?"

"हो," मी म्हणालो, "भीत होता." मग फडके घेऊन वीस वर्षे लिहीत आलो ते वाक्य फळ्यावरून पुसले आणि मुलांना वह्या उघडायला सांगितल्या.