नमुना दुसऱ्याचा, मजुरी आपली

आपल्या कारागिराच्या हाताचे कौतुक सगळेच करतात. पण मालाचा भाव ठरतो तेव्हा त्याला विचारतो कोण? नमुना व्यापारी आणतो, रंग तोच सांगतो आणि कारागिराच्या पदरात नगावारी मजुरी पडते. जरीकामाच्या कारखान्यात हेच, मागावरही हेच.

मुलाला डिझाइन शिकवा म्हटले की घरातून दोन उत्तरे येतात. बाप-आजोबा कुठल्या कॉलेजात शिकले होते? आणि पोरगा चार वर्षे कॉलेजात गेला तर काम कोण करणार? दुसरे उत्तर आम्हाला खोटे वाटत नाही. उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची, त्यात बारावीची अट. कारागिराच्या घराला हे झेपत नाही.

म्हणून कच्छकडे पाहावे. तेथे २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय निघाले, ते खास परंपरागत कारागिरांसाठी. २०१४ मध्ये सोमय्या कला विद्या ही संस्था त्याच वाटेने सुरू झाली. अभ्यासक्रम वर्षाचा, पण दोन-दोन आठवड्यांच्या सहा सत्रांत वाटलेला. मधल्या काळात कारागीर घरी, आपल्या कामावर. शिकलेले तेथेच करून पाहायचे.

धमडका-अजरखपूरचे कितीतरी खत्री तरुण असे शिकले. (२००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले, म्हणून अजरखपूर वसले. बदलाला घाबरणारी ही माणसे नव्हेतच.) हिरड्यात कापड भिजवणे, ठसे मारणे, नीळ, मंजिष्ठ, पुन्हा पुन्हा धुणे, हे अजरखचे काम त्यांना बापानेच शिकवले होते. वर्गात मिळाले ते वेगळे: रंगसंगती, जुना ठसा नव्या मांडणीत कसा बसवायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला काय रुचते, आणि आपला नमुना आपल्या नावाने कसा विकायचा. बापाचा हुनर कमी पडला असे नव्हे, बाजार बदलला.

आपल्याकडे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, कौशल्याच्या छोट्या अभ्यासक्रमांसाठी. आपल्या संस्था मात्र बी.एड. कॉलेजांमागेच धावत राहिल्या. हिमरू विणणारी घरे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्यासाठी, मिरजेच्या सतारमेकरांसाठी, जरीवाल्यांसाठी एखाद्या संस्थेने पंधरा दिवसांचे एक सत्र तरी काढून पाहावे. वर्ग त्यांच्याच मोहल्ल्यात, त्यांच्याच बोलीत. आणि कारखानदार बांधवांनी त्या पंधरा दिवसांची मजुरी कापू नये.