‘स्रोत : गूगल’ला मार्क कसले देता?

मुलांचे प्रोजेक्ट बघा. रायगडाच्या फोटोवर कुणाचा तरी वॉटरमार्क, खाली ‘स्रोत : गूगल’. वर पैकीच्या पैकी मार्क! अहो, गूगल काय कॅमेरा घेऊन गड चढलं होतं?

१९५७चा कॉपीराइट कायदा शिकवण्या-शिकण्यातल्या वापराला सूट देतो, मान्य. पण तोच प्रोजेक्ट शाळा फेसबुकवर मिरवते, स्मरणिकेत छापते, तेव्हा ती सूट पुढे करू नका. २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो.

आणि अडलंय कुठे? विकिमीडिया कॉमन्सवर रायगडाचे फोटो फुकट मिळतात. फोटोग्राफरचं नाव आणि परवाना लिहायचा, बस्स. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं तर बिनधास्त वापरा.

पोरांना कशाला बोल लावायचा? त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. गुरुजी, यंदा फोटोखाली नाव नसेल तर मार्क कापा.