पत्र्यावरचा धोंडा

जमीन हलली की सरकार तोंड उघडतं. पहिला शब्द बाहेर पडतो 'घाबरू नका'. दुसरा, 'अफवांवर विश्वास ठेवू नका'. तिसरा शब्द नसतोच. तोवर साहेबाची गाडी धुरळा उडवत तालुक्याला निघून गेलेली असते.

मला आज या दोन शब्दांवर बोलायचंय. मोठा भूकंप एकदा येतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात जातो. त्याच्या मागून येणारे धक्के, ज्यांना पेपरवाले भूकंपोत्तर धक्के म्हणतात, ते महिनोन् महिने येत राहतात. जेवताना येतात, पोराला पाजताना येतात, रात्री डोळा लागला की येतात. आणि नेमक्या याच दिवसांत वाचलेल्या माणसाला भित्रा, अडाणी, अफवा पसरवणारा ठरवलं जातं. माझं म्हणणं सरळ आहे. गरीब माणसाची ही भीती अज्ञानातून येत नाही. स्वतःच्या भिंतीची त्याला जी पक्की माहिती असते, तिच्यातून ती येते.

आधी विज्ञान काय म्हणतं ते बघू. आपण बाबासाहेबांची पोरं, नवस बोलणारे नव्हेत. जमिनीखाली खडकात भेग असते, तिच्या दोन बाजू एकमेकींना दाबत असतात. एक दिवस त्या सरकतात, तो मोठा भूकंप. मग आजूबाजूच्या खडकावरचा ताण बदलतो, तो खडकही बारीक बारीक सरकत जागेवर बसतो, ते मागचे धक्के. ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ साली त्यांचा हिशोब मांडला. दिवस जातात तसे धक्के कमी होतात. पहिल्या दिवशी जितके येतात त्याच्या साधारण एक दशांश दहाव्या दिवशी. पण कुठला धक्का कधी येणार, हे कुठलाही शास्त्रज्ञ तारीख-वेळ लावून सांगू शकत नाही. म्हणून 'अमावस्येला पुन्हा मोठा येणार' म्हणणारा बुवा लबाड. आणि 'आता काही होणार नाही' म्हणणारा साहेबही तितकाच लबाड.

आणखी एक गोष्ट. धक्का लहान आहे म्हणजे धोका लहान आहे, असं नसतं. पहिल्या धक्क्याने तडकलेली भिंत पाडायला मोठा धक्का लागत नाही. ज्याच्या घराला सिमेंटचे खांब आहेत, त्याने खुर्चीत बसून छोट्या धक्क्याला हसावं. ज्याची भिंत आधीच पोटातून फुगलीय, तो रात्री पोरं काखेत मारून बाहेर पळतो. या दोघांत शास्त्र कोणाला जास्त कळतं?

आता किल्लारी घ्या. १९९३ च्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून गावं झोपली. ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. ताकद ६.२ च्या आसपास. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे हा आकडा काहीच नाही. तरी माणसं मेली किती? सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ, बाकीचे आकडे दहा हजारांपर्यंत जातात. मारलं कोणी? काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंतींनी आणि वर थरावर थर माती चढवलेल्या माळवदांनी. कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणाऱ्यांतली बरीच माणसं वाचली. ज्या दारिद्र्याने जन्मभर मारलं, त्यानेच त्या एका रात्री तारलं. याचा आनंद मानायचं कारण नाही. ढिगाऱ्याखाली मेलेलं लेकरू कोणाच्याही जातीचं असो, ते लेकरूच. पण दगडाच्या भिंती सवर्णांच्याच होत्या असंही नाही. आपल्यातही कोणी पै-पै जोडून, पाटलासारखी भिंत आपलीही असावी म्हणून दगड रचला होता. तोही गेला.

आणि ही भीती त्या गावांना नवी नव्हती. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने किल्लारीला बारीकसारीक धक्के बसत होते. लोक घाबरले होते. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा मुलूख पहिल्या विभागात, म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. नकाशा म्हणत होता घाबरू नका. लोकांच्या घरातली भांडी म्हणत होती घाबरा. धक्के थांबले, लोक पुन्हा त्याच माळवदाखाली झोपायला लागले आणि वर्षभरात काय झालं ते जगाने पाहिलं. पुढे २००२ साली नवा नकाशा निघाला, त्यात पहिला विभागच काढून टाकला. म्हणजे भांडी खरी बोलत होती आणि नकाशा खोटा. पण त्या नकाशाला कोणी अडाणी म्हटलं नाही.

गोदीत आमच्या टोळीत एक मामा आहे, उमरग्याकडचा. भूकंपाच्या वेळी दहा वर्षांचा होता. आज पंचेचाळिशीकडे झुकलाय. रात्रपाळीत लांब कुठे क्रेनने कंटेनर जरा जोरात टेकवला आणि धक्क्याची फरशी थरथरली, की हा हातातलं टाकून उघड्यावर येतो. नवी पोरं हसतात. एकदा मी विचारलं, मामा, एवढ्या वर्षांनीपण? तो म्हणाला, "आरं, ती रात परवडली. तिच्या फुडचे म्हैने न्हाई परवडले. पत्र्याच्या शेडात आमी निजायचो. वरून पाऊस, खालून जमीन. माय आमच्या पायाला दोरी बांधून स्वतःच्या हाताला गुंडाळायची, हादरा आला की सगळ्यास्नी एकदम वढता यावं म्हनून." याला अफवा म्हणायचं का, साहेब? ती माय शाळेत गेलेली नव्हती. पण बचावाचा तिचा आराखडा तुमच्या कलेक्टर कचेरीतल्या कागदापेक्षा पक्का होता.

अशा वेळी घाबरलेल्या माणसाच्या अंगावर दोन गिधाडं उतरतात. पहिलं देवाचं. पाप वाढलं म्हणून धरणी कोपली, होम करा, शांत करा. यात नुसते बुवाच असतात असं नाही. १९३४ साली बिहारात प्रचंड भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधी म्हणाले की हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. काहींना वाटेल, गांधी आपल्याच बाजूने बोलले की! छट. बिहारात भिंतीखाली अस्पृश्य मेले नाहीत काय? पाप करणारा आणि पाप सोसणारा एकाच ढिगाऱ्यात गाडणारा हा कसला न्याय? अस्पृश्यता नष्ट करायची ती माणसाच्या हक्कासाठी. भूकंप टाळायचा नवस म्हणून कोणी ती सोडणार असेल, तर धक्के थांबल्यावर तो पुन्हा पाळायला लागेल.

दुसरं गिधाड वाटपाचं. हे जास्त शिकलेलं असतं, हातात यादी घेऊन येतं. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनीच. तिथे मदतीच्या छावण्या जातीजातीच्या वेगळ्या पडल्या, दलित आणि मुसलमानांच्या वाट्याला कमी आलं, हे मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. जमीन अजून थरथरतेय, रात्री कोणाच्याही डोळ्याला डोळा नाही, तरी तुझा तंबू तिकडे आणि माझा इकडे. धरणीने गाव सपाट केलं, पण गावकूस तेवढं पडलं नाही. तंबूंच्या दोऱ्यांनी ते पुन्हा आखून घेतलं.

किल्लारीकडे तर हे सरकारी कागदावर झालं. बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचं कर्ज आलं. घर कोणाला किती? ठरवलं कशावरून? घरात माणसं किती यावरून नव्हे, मेली किती यावरून नव्हे. जमीन किती यावरून! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे. सातच्या वर ज्याची जमीन, त्याला साडेसातशे. वा रे वा! भूकंपाने कोणाचा सातबारा बघितला नव्हता, पुनर्वसनाने बघितला. ज्याच्या बापजाद्याला जमीन बाळगूच दिली नाही, त्याला आता जमीन नाही म्हणून घरही तिप्पट लहान. मी हे अन्यायाच्या नेहमीच्या यादीत आणखी एक कलम म्हणून सांगत नाही. मागच्या धक्क्यांच्या भीतीशी याचा थेट संबंध आहे. अडीचशे फुटांत सात-आठ माणसं निजली की दार गाठायला किती जणांना तुडवावं लागतं, याचा हिशोब त्या आराखड्यात कोणी केला होता? मग घर अपुरं पडतं म्हणून बाजूला पत्र्याचं छप्पर निघतं. म्हणजे पुन्हा पत्रा. आणि पत्रा आला की त्यावर धोंडा आला.

या धोंड्यापाशी मला यायचं होतं. २०२४ च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोलीकडे दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ चा. नांदेड, परभणीलाही जाणवले. लोक रस्त्यावर आले. प्रशासनाने आवाहन काढलं की ज्यांच्या घरावर पत्रे आहेत त्यांनी पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्यावेत. सल्ला चूक नाही. वरून धोंडा पडला तर खालचं डोकं फुटणारच. पण साल्यांनो, तो धोंडा तिथे हौसेने ठेवलाय का? पत्रा हूकबोल्टने आवळायला पैसे नाहीत म्हणून ठेवलाय. धोंडा काढला तर अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उडून शेजाऱ्याचा गळा कापतो. धोंडा ठेवला तर भूकंपात आपलं डोकं जातं. वारा की धरणी, मरण निवड, एवढंच स्वातंत्र्य त्याला आहे. त्याच वर्षी १० जुलैला तिकडेच पुन्हा ४.५ चा धक्का बसला. मधल्या साडेतीन महिन्यांत किती पत्र्यांना बोल्ट बसले, हे विचारायला कोणाची गाडी गेली?

भीती स्वतःही माणूस मारते, हे खरंय. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघरकडे, डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांत धक्क्यांची माळच लागली. तिथे मोठा भूकंप आधी झालेला नव्हता, लहानच धक्के, पण थांबता थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ ला धक्क्याने बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. यावर साहेब म्हणतील, बघा, म्हणूनच सांगत होतो घाबरू नका. मी म्हणतो, पळावं लागणार नाही अशी भिंत त्या घराला असती तर?

मुंबईतल्या दोस्तांनो, हे मराठवाड्याचं, पालघरचं रडगाणं आहे असं समजू नका. २०१९ च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत झोपड्यांवर कोसळली, तीसच्या आसपास माणसं गेली. जमीन तर हललीही नव्हती, नुसता पाऊस होता. आपल्याला भिंत मारते. धरणी फक्त निमित्त.

म्हणून मागायचं काय ते नीट मागू. मोठा धक्का बसला की पहिल्या आठवड्यात इंजिनियर घराघरात आला पाहिजे, तोही वस्तीपासून सुरुवात करून, गढीपासून नव्हे. भिंत राहण्यालायक आहे की नाही ते त्याने दारावर खूण करून सांगावं, म्हणजे अफवेला जागाच राहणार नाही. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड आणि दाराच्या वर चारी भिंतींना बांधून घेणारा सिमेंटचा पट्टा, ही काही परदेशी जादू नव्हे. गवंड्याला शिकवलं की जमतं, आणि गवंडी तर आपलेच भाऊबंद आहेत. पत्र्याला बोल्ट सरकारने द्यावा. आणि घर माणसं मोजून द्यावं, जमीन मोजून नको. यासाठी भूकंपाची वाट बघायची गरज नाही. भूकंपानंतर मिळालेलं सगळं उशिराचंच असतं.

तोवर आम्ही घाबरणार. पोरांच्या पायाला दोरी बांधून निजणार, भांडं वाजलं की बाहेर येणार, आणि बाहेर आलो की एकटेदुकटे आपापल्या अंगणात बसून राहणार नाही. सगळा वाडा उठून कचेरीवर येईल, आणि येताना प्रत्येक जण आपल्या पत्र्यावरचा धोंडा डोक्यावर घेऊन येईल. काढून घ्या म्हणालात ना? घ्या. तुमच्या टेबलावर ठेवतो. बोल्ट द्या आणि मग उचला.