दुधाचे दात आणि अंगणवाडीची हजेरी

परवा शिरवळच्या बाजूच्या एका वाडीवरून एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. गाल टम्म सुजलेला, अंगात ताप. आठ दिवस मूल अंगणवाडीत गेले नव्हते. तोंड उघडून पाहिले, तर खालच्या दोन दाढा किडून पोखरलेल्या. "दुधाचंच दात हायत डॉक्टर, पडतील की," आई म्हणाली.

हा गैरसमज घरोघर आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे; पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ आपोआप पडेपर्यंत मुलाने सहा वर्षे कळा सोसायच्या काय? कीड मुळाशी गेली की पू होतो आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते. मुलाला रात्री झोप नाही, घास चावत नाही, वजन वाढत नाही. सकाळी ते अंगणवाडीत जायला रडते आणि आपण म्हणतो, नाटके करते!

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. आहार, वजन, गाणी-गोष्टी हे सारे तिथेच मिळते. म्हणजे दाढेपायी मुलाचा आहारही बुडतो आणि शिकणेही.

२००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करतात. त्यांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. योजना चांगली आहे. पण दाढ दुखते म्हणून घरी राहिलेले मूल नेमके त्याच दिवशी तपासणीतून सुटते. आणि चिठ्ठी मिळाली तरी खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला जायचे म्हणजे आईचा एक दिवसाचा रोजगार जातो. चिठ्ठी फडताळातच राहते.

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. तापाचे आणि दुखण्याचे औषध देऊन आम्ही मोकळे होतो. सूज उतरते, कीड तशीच राहते.

माझे म्हणणे एवढेच, की सेविकाताईंनी वजन घेतानाच मुलाचे तोंड उघडून पाहावे आणि मूल चार दिवस आले नाही तर कारण विचारून लिहावे. तालुक्याच्याच ठिकाणी महिन्यातला एक दिवस लहान मुलांच्या दातांसाठी राखून ठेवावा. हा खर्च फार नाही.

आयांनीही एवढे करावे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नये. चहा-बिस्किटे आणि पुडीतला खाऊ वरचेवर देऊ नये. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन दोन वेळा स्वतःच्या हाताने दात घासून द्यावेत. दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मशेरी मुळीच भरू नये. आणि दातावर काळा डाग दिसताच दंतवैद्य गाठावा, गाल सुजण्याची वाट पाहू नये.