चादरीखालून रांगा!

ऑफिसमध्ये फायर ड्रिलची घंटा वाजली की आपण काय करतो? मोबाइल उचलतो, सवयीने लिफ्टचं बटण दाबतो आणि खाली उतरून थेट चहाची टपरी गाठतो. पण तिकडे मालेगावात (वाशिमचं हं, नाशिकचं नव्हे!) दुसरीत शिकणाऱ्या तुमच्या भाच्याला आगीबद्दल काय माहीत आहे? 'पळायचं', एवढंच ना?

घोळ असा, की घाबरलेलं लहान मूल नेहमी पळतंच असं नाही. ते लपतं. पलंगाखाली, कपाटात. मास्कवाला फायरमन आत आला तर त्यालाही भिऊन आणखी मागे सरकतं. म्हणून अमेरिकेत फायरमन शाळेत येऊन मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवतात. आत काकाच आहेत, हे पोरांना दिसतं. तिथे ट्रेलरवर बांधलेलं छोटं घरही येतं. त्यात खोटा धूर सोडतात, मुलं रांगत बाहेर पडतात. जपानी शाळांत 'ओकाशी' शिकवतात: ढकलू नका, पळू नका, बोलू नका, यांची आद्याक्षरं. ओकाशी म्हणजे खाऊ. विसरेल कोण?

हे खेळ वाटतील, पण १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. आग पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून गवताच्या छपराला लागली होती. खिचडी आपल्याही शाळांत शिजते.

व्हीआर हेडसेट घेऊन जायचा विचार असेल तर थांबा. मेटानेच किमान वय १० ठेवलंय, पहिली-दुसरी बाद! त्यापेक्षा घरातली जुनी चादर घ्या. दोघांनी ती पोरांच्या कमरेइतक्या उंचीवर ताणून धरायची. चादर म्हणजे धूर. गरम धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून खालून रांगायचं. डोकं चादरीला लागलं की आऊट. दारातून बाहेर, मग अंगणातलं ठरलेलं झाड, आणि दप्तरासाठी परत फिरणाराही आऊट. कपड्यांनी पेट घेतला तर थांबायचं, आडवं व्हायचं, तोंड झाकून लोळायचं. १०१ आणि ११२ तोंडपाठ.

अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलपासून असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणीत. पण तेव्हा परीक्षा आणि विदर्भातलं ऊन. दिवाळीच बरी. फटाके असतात, शेतात सोयाबीनची गंजी असते आणि तुम्हीही घरी असता. पहिलं रांगणं मात्र मामा-मावशीचं. पँट जुनी घाला.