लघु, गुरू आणि गाळलेला आघात

मराठी छंदःशास्त्र शिकवताना एक भेद आरंभीच सांगावा लागतो. आपली वृत्ते उच्चाराच्या कालावर उभी आहेत, इंग्रजी छंद आघातावर. अक्षर लघु की गुरू हे ते किती रेंगाळले यावरून ठरते, किती जोराने उच्चारले यावरून नव्हे. हा भेद आम्ही येथे एका सर्वस्वी अकाव्यात्म प्रकरणाला लावू इच्छितो. 2018 ते 2020 या काळात ॲपलने आपल्या फोनच्या आणि घड्याळाच्या पडद्यांवरून बोटाचा दाब ओळखण्याची क्षमता टप्प्याटप्प्याने काढून घेतली आणि त्या जागी वेळ आणून बसवला. जोर लावू नका, दाबून धरा. बोटाच्या भाषेतून आघात गेला, मात्रा उरल्या. लोकांना ती सोय नकोच होती, असा निर्वाळा तेव्हापासून दिला जातो. तो आम्हाला मान्य नाही.

मुळात ही कल्पना फोनविक्रेत्यांची नव्हेच. एमआयटीच्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपमधील ख्रिस्तोफर हेरॉट आणि गाय वाइन्झॅप्फेल यांनी 1978 मध्ये असा एक पडदा मांडला होता, की ज्याला बोट कोठे टेकले एवढेच नव्हे, तर ते आत किती रेटते आहे, कोणत्या बाजूला ढकलते आहे आणि कसा पीळ देते आहे, हेही कळावे. एका बोटाच्या एका स्पर्शातून आठ निरनिराळे संकेत! आज दोन-दोन बोटे फाकवून आपण जे साधतो, त्यातले बरेचसे एकाच बोटाला जागचे न हलता म्हणता यावे, ही त्यामागची आकांक्षा होती. स्पर्श म्हणजे टिचकी, हे समीकरण त्यांनी गृहीत धरले नव्हते.

2015 मध्ये आयफोन 6एसबरोबर 'थ्रीडी टच' आला. पडद्याच्या प्रकाशपटलात बसवलेले संवेदक वरची काच किती वाकली हे मोजत. मोजमाप सूक्ष्म होते आणि सलग होते. मग या सलग राशीचे केले काय? मुख्यतः दोन पायऱ्या केल्या. थोडे दाबले की 'पीक', म्हणजे डोकावणे. आणखी दाबले की 'पॉप', म्हणजे उघडणे. डग्ग्यावर मनगट किती रेटले त्यावर घुमारा चढतो-उतरतो. त्या डग्ग्याला 'हळू' आणि 'जोरात' अशी दोन बटणे बसवावीत आणि मग श्रोत्यांना घुमाऱ्याची गोडीच नाही म्हणून हळहळावे, तसला हा प्रकार. (याच काचेवर चमचा ठेवून चिमूटभर पदार्थ तोलण्याचे एक ॲप कुणी तयार केले होते. ॲपलने 2015 मध्येच ते नाकारले.)

त्यात कोणत्या चिन्हावर दाबले असता काही घडेल, याची खूणच पडद्यावर नव्हती. शिवाय आयपॅडला ही सोय कधी मिळालीच नाही. तेव्हा ॲप लिहिणाऱ्यांनी तिच्यावर विसंबावे तरी कसे? जी भाषा अर्ध्या वर्गाला शिकवलीच नाही, ती कुणी बोलत नाही अशी तक्रार करण्यासारखेच हे.

आणि जेथे ती भाषा नीट बोलली गेली, तेथे ती फार चांगली होती. मजकूर लिहिताना कळफलकावर कोठेही बोट रेटावे, की अक्षरे पुसट होत आणि कर्सर बोटाबरोबर ओळीतून सरके. तेथेच आणखी जोर दिला की शब्द निवडला जाई. लिहिणाऱ्याचा हात जागचा हलत नसे. आता त्यासाठी स्पेसबारवर बोट टेकवून क्षणभर थांबायचे. हा क्षण आमचा नाही. तो यंत्राने ठरवलेला आहे. जोर किती लावायचा हे बोट ठरवीत होते, आता बोटाला ताटकळावे लागते.

क्षीण किंवा थरथरत्या हातांना दाबणे जड जाते, हा आक्षेप खरा आहे. परंतु हलका, मध्यम, घट्ट असे तीन पर्याय फोनच्या सेटिंग्जमध्ये होते आणि सोय पूर्ण बंदही करता येत होती. थरथरत्या बोटाला एका जागी स्थिर राहायला सांगणे हे अधिक दयाळूपणाचे आहे, असे आम्हाला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे या विषयावर बोलताना काहींना लगेच बोरू आठवतो. त्यांना सांगायला हवे की बोरूच्या देवनागरीतली जाड-बारीक रेघ मुख्यतः तिरप्या कापलेल्या टोकातून आणि ते धरण्याच्या कोनातून येते. दाबाने रेघ फुगवणारे टोक इंग्रजी कॉपरप्लेट वळणाचे. खोट्या वारशाची आपल्या बाजूला गरज नाही.

खरा प्रश्न दाब कुणाच्या वाट्याला ठेवला हा आहे. चित्रकारांसाठीच्या वॅकॉमच्या काही लेखण्या दाबाच्या 8192 पातळ्या ओळखतात. ॲपलची पहिली पेन्सिल 2015 चीच, आणि तिलाही दाब कळे. तिचा संवेदक तिच्याच टोकापाशी होता. म्हणजे तंत्र अशक्य झालेले नाही. ते वेगळे पैसे मोजून घ्यायच्या हत्याराकडे गेले आहे आणि सर्वसाधारण बोटाला लघु-गुरूवर भागवायला सांगितले आहे. खर्च वाचला असेल, पडद्याची रचना सोपी झाली असेल; तसे सांगावे. लोकांच्या अरसिकतेवर ढकलू नये.

नको असलेली म्हणून सांगितली जाणारी ही वस्तू मॅकबुकच्या ट्रॅकपॅडमध्ये 2015 पासून आहे. तो पट खरे तर खाली जातच नाही. दाब मोजून एक बारीकसा हादरा देतो आणि कळ खटकल्याचा भास होतो. रोज तो वापरणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊकही नसते. पडद्यावरच्या एखाद्या शब्दावर जरा अधिक जोर दिला, तर तेथे त्याचा कोशातला अर्थ उघडतो.