मोजदाद

मराठी बोलणारे किती, असं कुणी विचारलं की आकडा आपल्या ओठांवर तयार असतो. 2011च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून जास्त लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदवली. भाषेच्या भवितव्याचा विषय निघाला की कुणीतरी हा आकडा पुढे करतो आणि चर्चा तिथेच मिटते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकातल्या भाषाविषयक विभागाची जुळवाजुळव करताना आम्ही मुद्दाम लांबच्या दोन भाषा शेजारी ठेवून पाहिल्या: फिलिपिन्सच्या उत्तर लुझॉनमधली इलोकानो आणि ब्रिटनच्या पश्चिम कडेची वेल्श.

नात्याने दोघींचा काही संबंध नाही. वेल्श केल्टिक कुळातली, म्हणजे मराठीच्याच लांबच्या भाऊबंदांतली. इलोकानो ऑस्ट्रोनेशियन, तिचं गोत हवाईपासून मादागास्करपर्यंत पसरलेलं. तरी दोघींचं वाक्य क्रियापदापासून सुरू होतं. आपण शेवटपर्यंत राखून ठेवतो ते या दोघी आधीच सांगून टाकतात. वेल्शमध्ये शब्दाचं तोंडच बदलतं: मांजर म्हणजे ‘काथ’, पण त्याचं मांजर ‘गाथ’ आणि तिचं मांजर ‘खाथ’. इलोकानोत अनेकवचनासाठी शब्दाचा पहिला तुकडा दुणावतो: ‘काल्दिङ’ शेळी, ‘काल्काल्दिङ’ शेळ्या. या गमती विभागातल्या लेखांत सविस्तर येतील. इथे बोलायचंय ते मोजदादीबद्दल.

वेल्समधल्या 2021च्या जनगणनेत 5,38,000 लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं सांगितलं, तीन वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकसंख्येच्या 17.8 टक्के. इलोकानो मातृभाषा असलेले लोक ऐंशी लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पंधरापट. आता सांगा, कोणती भाषा सुरक्षित?

वेल्शचे हाल काही कमी झाले नव्हते. 1536च्या कायद्याने तिला न्यायालयातून आणि सरकारी कामातून बाहेर काढलं. 1846 साली वेल्समधल्या शाळांची तपासणी करायला तीन इंग्रज अधिकारी आले. तिघांनाही वेल्श येत नव्हतं, पण वेल्श लोकांचं मागासलेपण आणि त्यांची ढासळलेली नीतिमत्ता यांचं खापर त्यांनी भाषेवर फोडलं. काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तो तुकडा त्या मुलाच्या गळ्यात जाई आणि दिवसअखेर ज्याच्याकडे राहील त्याला छडी. मुलांनाच एकमेकांवर पहारेकरी नेमायची ही युक्ती ज्याला सुचली, त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच कळत असणार.

मग 1962 साली सॉन्डर्स लुइस या लेखकाने रेडिओवरच्या व्याख्यानात बजावलं, की हे असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषा संपलेली असेल. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना उभी राहिली. इंग्रजी पाट्यांना रंग फासले गेले, तरुण तुरुंगात गेले. 1980 साली सरकारने वेल्श दूरचित्रवाहिनीचं वचन मोडलं, तेव्हा ग्विनवोर एव्हान्स यांनी आमरण उपोषण जाहीर केलं. वयाची साठी ओलांडलेला, शांत स्वभावाचा हा नेता बोलेल ते करेल, हे लंडनला ठाऊक होतं. उपोषण सुरू व्हायच्या आधीच सरकारने माघार घेतली आणि नोव्हेंबर 1982मध्ये वाहिनी सुरू झाली. 2011च्या कायद्याने वेल्सपुरता वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला.

इलोकानोचं चित्र उलटं. 1937 साली राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोगची निवड झाली आणि देशातली तिसऱ्या क्रमांकाची ही भाषा ‘प्रादेशिक’ ठरली. ला उनियोन प्रांताने 2012 साली तिला अधिकृत भाषा केलं. त्याच वर्षी देशभर तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायला सुरुवात झाली. बारा वर्षांनी, ऑक्टोबर 2024मध्ये, नव्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली. शिक्षणाचं माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. त्याच महिन्यात आपल्याकडे मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले जात होते.

पण म्हणून वेल्श जिंकली आणि इलोकानो हरली असा निकाल लावायची घाई नको. वाहिनी, कायदा, शाळा हे सगळं असूनही 2011 ते 2021 या काळात वेल्श येणाऱ्यांची संख्या घटली, आणि घट मुख्यतः तीन ते पंधरा वयाच्या मुलांमध्ये झाली. 2050पर्यंत दहा लाख भाषकांचं उद्दिष्ट वेल्सच्या सरकारने ठेवलं आहे. ते गाठायला निघालेल्यांसाठी ही घट जिव्हारी लागणारी होती.

उलट इलोकानोला सरकारने फारसं काही दिलं नाही, तरी तिच्यात 1934पासून ‘बन्नावाग’ नावाचं नियतकालिक निघतं आहे. कथा, कविता, क्रमशः कादंबऱ्या. दिवाळी अंकांच्या वाचकाला तिथे परकं वाटू नये. 1906पासून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या इलोकानोंनी भाषा हवाईत नेली, आणि आज तिथल्या विद्यापीठात ती शिकवली जाते. उत्तर लुझॉनच्या डोंगराळ भागात वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं बाजारात भेटली की इलोकानोत बोलतात.

आणि इथेच ही तुलना आमच्या अंगाशी आली. बाजाराची भाषा झालेली इलोकानो कागायानच्या खोऱ्यात इबानागसारख्या लहान भाषांची जागा घेत चालली आहे. मनिलाच्या दृष्टीने धाकटी असलेली भाषा इबानागच्या उंबऱ्यावर थोरली होऊन उभी राहते. मेळघाटातलं कोरकू मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा त्याच्यासमोर उभी असते ती मराठी. इंग्रजी-हिंदीच्या दाबाबद्दल आपण पानंच्या पानं लिहितो. मराठीचा हा दाब मोजायला आपल्यापैकी फारच थोडे जातात.

यंदा विभागात कोरकूतली एक गोष्ट मूळ भाषेत, देवनागरीत छापली आहे, शेजारी मराठी अनुवाद आहे. संपादक मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की वाचणार कोण, नुसता अनुवाद पुरे. वाद बरेच दिवस चालला. शेवटी मूळ मजकूर डाव्या पानावर गेला, अनुवाद उजव्या, आणि अंकाची पानं वाढली. ती सुरुवातीलाच आहेत.